खेळणाऱ्या डायरेक्टरचा मोबदला

सोळा माणसं आणि चार टेबलं, एवढाच आमचा वर्ध्याचा ब्रिज क्लब. नव्वदच्या दशकात दर रविवारी दुपारी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही खेळायचो. मी सेक्रेटरी होतो. माझं कापडाचं दुकान. माणसं सांभाळणं मला येतं, असा माझा तेव्हाही दावा होता आणि आजही आहे.

ब्रिजमध्ये डायरेक्टर म्हणजे नियमांचा पंच. मोठ्या शहरांत तो नुसता उभा असतो. आमच्याकडे तो उभा राहिला तर सोळावा गडी कुठून आणणार? म्हणून आमचा डायरेक्टर खेळायचाही. हे साहेब भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते. आयुष्यभर भावाभावांची बांधावरची भांडणं मिटवलेला माणूस. त्यांनी निकाल दिला की कोणी ब्र काढत नसे.

आमच्या खेळात तेच वाटलेले पत्ते आळीपाळीने प्रत्येक टेबलावर जातात. पलीकडे कोणाचं पान चुकलं की आरोळी यायची, "डायरेक्टर!" साहेब हातातले पत्ते पालथे ठेवून उठायचे. निकाल देता देता तिथले हात त्यांना दिसायचेच. पुढे तोच डाव त्यांच्यासमोर आला की पत्ते न उचलताच ते सांगायचे, "हा मी पाह्यला हाय." मग त्या डावाचे सरासरी गुण लिहून सगळे मोकळे. चोवीस डावांतले तीन-चार तरी असे जायचे. पाहून न पाहिल्यासारखं करणं त्यांना कधी जमलं नाही.

याची भरपाई करायला हवी, हे मला कळत होतं. मी त्यांचे टेबलाचे पैसे माफ केले. चहाबरोबर आलुबोंडा क्लबकडून सुरू केला. एकदा तर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला आणि भाषण मीच ठोकलं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पुढच्या रविवारी साहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्या दोन रविवारी निकाल द्यायला कोणी नाही, म्हणून हॉलमध्ये अशी जुंपली, की दोघं जण खेळ अर्धवट टाकून घरी गेले. आणखी एक रविवार असा गेला असता तर क्लबला कुलूपच लागलं असतं.

स्कूटर काढली आणि नालवाडीला त्यांचं घर गाठलं. महिन्याचं काही मानधन बांधून टाकायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. साहेब भाजी आणायला गेले होते. वहिनींनी आत बसवलं. समोर टेबलावर पत्त्यांचे चार हात मांडलेले.

"कोणी खेळायले आलं होतं का?" मी विचारलं.

"कोण येते, भाऊ? तुमच्याकडं जे डाव हुकतेत, ते घरी येऊन मांडतेत. चारी बाजूनं एकटेच खेळतेत."

तेवढ्यात साहेब पिशवी घेऊन आले. मी मानधनाची गोष्ट काढली. त्यांनी पिशवी वहिनींकडे दिली.

"पैसे काऊन देता? पाच वर्षं झाले, एक रविवार मी पूर्ण खेळलो नाई. मले खेळू द्या, भाऊ."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांना नको ते देत होतो, आणि वर टाळ्याही वाजवून घेत होतो. पण लाजून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तिथल्या तिथं सांगून टाकलं, महिन्यातला एक रविवार डायरेक्टर मी. नुसता उभा राहीन. माझ्या जागेवर देवळीच्या मेहुण्याला एसटीनं बोलावतो. तुम्ही फक्त खेळायचं.

तो रविवार आला. नियमांचं पुस्तक काखेत मारून मी ऐटीत फिरत होतो. पहिलीच आरोळी आली. बदामाची उतारी होती आणि एकानं हातात बदाम असताना इस्पिकचं पान टाकलं होतं. मी पुस्तक चाळतोय, नियम सापडेना. लोक हसायला लागले. माना साहेबांकडे वळल्या.

"साहेब, तुमीच सांगून टाका ना!"

साहेबांनी डोकं वर केलं नाही. "मी खेळून राह्यलो," ते म्हणाले.

नियम मला दहा मिनिटांनी सापडला. निकाल बरोबर दिला, हे छातीठोकपणे सांगतो.

शेवटच्या डावाला मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मोठी बोली घेतली होती. हुकमाची राणी उजवीकडे आहे असं धरून ते खेळले. ती निघाली डावीकडे. एक हात कमी पडला आणि बोली बुडाली. माझाच जीव हळहळला. पहिल्यांदा पूर्ण खेळायला मिळालं आणि शेवट असा व्हावा! गुण लिहायला मी पेन्सिल काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. चेहरा नुसता फुललेला.

"द्या, मीच लिहितो. हा सरासरीचा नाई, भाऊ. हा मी सोता हारलो."