सासूबाईंचा उखाणा आणि माझी काळी साडी

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी हसणं सोडून दिलं.

दुःख वगैरे काही नव्हतं. हसले, खोकले, शिंकले की थोडी लघवी व्हायची, एवढंच! (त्यात बंगळुरूची हवा. लोक तिचं कौतुक करतात, आम्ही शिंकतो.) सांगणार कुणाला? मग मीच उपाय काढला: पाणी कमी प्यायचं आणि हसू आलं की ऑफिसातलं अप्रेझल आठवायचं.

अशात पुण्याहून सासूबाई आल्या. त्यांच्या विनोदांवर अख्खं सासर गडाबडा लोळतं. मी मात्र ओठ आवळून पंख्याकडे बघत बसायची.

"हिला माझं येणं आवडलेलं दिसत नाही," त्या माझ्या नवऱ्याला, समीरला म्हणाल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू येलहंक्यातल्या आमच्या फ्लॅटवर होतं. बायकांनी आग्रह केला आणि सासूबाईंनी ताजा उखाणा घेतला:

"येलहंक्यावरून विमान जातं, हादरतात घराच्या भिंती;
वसंतराव घोरायला लागले, की पायलटलाच वाटते भीती!"

हशा उसळला! समोरच्या मंजुळा अक्कांना मराठी ओ की ठो कळत नाही, त्यासुद्धा डोळे पुसत होत्या. मी तिळगुळाचं ताट तिथेच टाकून बाथरूममध्ये पळाले. (संक्रांतीला काळी साडी नेसायची प्रथा ज्या बाईने काढली, तिला माझा साष्टांग नमस्कार!)

पाहुण्या गेल्या आणि सासूबाई बॅग भरायला बसल्या.

"समीर, उद्याचं तिकीट काढ. माझा उखाणा ऐकून सून उठून जाते!"

समीर माझ्यावर उखडला. "अगं, एकदा खोटं तरी हस की!"

"अरे, हसले की चड्डी ओली होते माझी!" मी ओरडले आणि मला रडूच फुटलं.

सासूबाई खदखदून हसायला लागल्या, मध्येच थबकल्या, आणि मला ढकलून बाथरूमकडे धावल्या.

आतून आवाज आला, "समीर झाला तेव्हापासून मलाही आहे गं हे! म्हणून तर विनोद मीच सांगते. सांगणाऱ्याला हसावं लागत नाही!"

तिकीट राहिलं बाजूला. आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पाणी कशाला कमी केलंत? त्याने त्रास वाढतो!" त्या रागावल्या. मग व्यायाम शिकवला: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळायचे आणि सैल सोडायचे. कुठेही करा, कुणाला कळत नाही. मी मीटिंगमध्ये करते. साहेब म्हणतात, हल्ली मी फार एकाग्र दिसते.

काही महिन्यांनी सासूबाईंनी परीक्षा घेतली. तोच उखाणा! मी पोट धरधरून हसले, आणि चक्क कोरडी!

"आई, जिंकले!" मी दोन्ही हात वर करून ओरडले.

आणि शिंकले.