खिडकीवाल्या मावशी

मावशींच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख असायची. चिकटपट्टीवर, काळ्या पेनानं, ठळक. कालची उसळ, परवाचं वरण, गेल्या महिन्यातलं लोणचं. त्यांचे यजमान म्हणायचे, "माझ्यावर पण लाव एखादी पट्टी." मावशी हसायच्या नाहीत. "तारीख नसेल तर कागद काय आणि भाजी काय, परत पाठवावी," म्हणायच्या आणि झाकण लावायच्या.

अमेरिकेतल्या काऊंटी कोर्टात, म्हणजे जिल्हा कोर्टात, क्लार्कच्या ऑफिसात त्या खिडकीवर बसत. लोकांनी आणलेले कागद घ्यायचे, सह्या आणि प्रती तपासायच्या, शिक्का मारायचा, केसच्या फाइलीत लावायचे. सल्ला मात्र कुणालाही द्यायचा नाही, हा तिथला नियम. तो त्यांच्या अंगात इतका मुरला होता की "मावशी, सईसाठी कुठलं प्रीस्कूल बघू?" असं मी माझ्या लेकीबद्दल विचारलं तरी म्हणायच्या, "फॉर्म आणून देते. ठरव तू."

डॉट-कॉम बुडाल्यानंतरच्या वर्षांत मी नवऱ्याच्या व्हिसावर पुण्याहून फ्रीमाँटला आले. ना ड्राइव्ह करता येत होतं, ना कुणाची ओळख. तिथल्या मराठी मंडळात भेटल्या त्या या मावशी, नात्यातल्या नव्हेत. सई झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. दीड महिना रोज ऑफिस सुटल्यावर मावशी यायच्या, सईला न्हाऊ घालायच्या, मला गरम जेवायला वाढायच्या. त्यांनी मला जीव लावला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सांगताना माझा तोल जातो.

सई चार वर्षांची असताना एका शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातला मित्र घरी आला. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि निघताना माझ्या हातात पाकीट दिलं. घटस्फोटाचा अर्ज होता. नवऱ्याला सईचा ताबा हवा होता. तीस दिवसांत उत्तर द्या, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

मी काय केलं? आपल्याकडे करतात तेच. मंडळातल्या मोठ्या काकांना फोन केला. रविवारी आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. चार काका, दोन काकू आणि मावशी. नवरा मान खाली घालून म्हणाला, "ओके, मी केस कॅन्सल करतो." काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं! मिटलं! घरातलं घरात राहिलं!" मग सगळ्यांनी मी केलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

मावशी दाराशी थांबल्या. हळूच म्हणाल्या, "कागद पुन्हा वाच." मला त्यांचा रागच आला. चार मोठ्या माणसांसमोर नवऱ्यानं शब्द दिल्यावर कोर्टात उत्तर द्यायचं म्हणजे त्याला खोटं ठरवायचं. मी पाकीट कपाटात ठेवून दिलं.

महिन्याभरानं पोस्टानं दुसरं पाकीट आलं. नवऱ्यानं काहीही कॅन्सल केलं नव्हतं. एकतिसाव्या दिवशी कोर्टात जाऊन त्यानं अर्ज दिला होता, की पत्नीनं उत्तर दिलेलं नाही, तिच्याशिवाय निकाल द्यावा. अर्ज दाखल झाल्याचा शिक्का होता. खाली मावशींची सही.

मी खिडकीशी गेले. "मावशी, एक फोन का नाही केलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दोन्ही बाजूंची माणसं इथंच येतात गं. एकीला सांगितलं की मी दुसऱ्याची कोण?" मग काचेखालून एक फॉर्म सरकवला. "हा भरून दे. जजसमोर उभं राहता येईल."

जजनं विचारलं, कागद मिळाले होते का? मिळाले होते. वाचता येतात का? येतात. मग उत्तर का नाही दिलं? मी म्हटलं, घरातल्या मोठ्यांनी मिटवलं होतं. तुमचे मोठे कोण, त्यांनी विचारलं. बैठकीतला एकही काका तिथं नव्हता. दोन ओळी लिहूनसुद्धा कुणी दिल्या नाहीत. "त्याचं ग्रीन कार्ड चाललंय, आपण कशाला मधे पडायचं," म्हणाले. माझा अर्ज फेटाळला गेला. लग्न संपलं आणि लग्नावरचा व्हिसाही संपला. सई तिथंच, नवऱ्याकडे राहिली.

एअरपोर्टवर सोडायला एकट्या मावशी आल्या. "नाव वाचूनच शिक्का मारला मी," त्या म्हणाल्या, "खोटं नाही सांगणार." रडत होत्या. मी त्यांना नमस्कार केला नाही. त्याचा मला पश्चात्तापही होत नाही.

पण दर रविवारी मावशीच सईला आपल्या घरी घेऊन येतात. तिच्याशी मराठी बोलतात, मला फोन लावून देतात. बैठकीतल्या बाकी कुणाला आज माझी मुलगी आठवतसुद्धा नसेल. जिनं शिक्का मारला तिचेच मला दर आठवड्याला आभार मानावे लागतात. मी दात आवळून मानते.

गेल्या रविवारी सईनं विचारलं, "आई, व्हेन आर यू कमिंग?"

मागून मावशींचा आवाज आला. "मराठीत विचार, बाळा."

आणि सईनं स्वच्छ मराठीत पुन्हा विचारलं, "आई, तू कधी येणार?"