रागावलेला हात

माझा राग लहानपणापासून नाकावर. पेणला आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब पडवी, हंगामात पाय ठेवायला जागा नसायची. तिथे वडिलांनी एकच नियम घातला होता : रागावलेल्या हाताने डोळे काढायचे नाहीत. पितांबर खुशाल शिव्या देत रंगवा, त्याला काही कळत नाही. पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, हे हात शांत असेल तरच. नाहीतर नजर चढते आणि गिऱ्हाईक विचारतं, हा बाप्पा आमच्यावर का डाफरतोय?

आणि आखणी करायचे मी. त्यामुळे राग आवरायचं शिक्षण घरात माझ्याइतकं कुणालाच मिळालं नाही. वडील मला ‘शांत हो’ असं कधी म्हणाले नाहीत. ते ऐकून आजवर कोण शांत झालंय? ते म्हणायचे, “जा, माती मळ.” मग शाडूचा गोळा घेऊन बसायचं आणि त्यातले खडे बोटांनी शोधायचे. खडे शोधताना भांडण डोक्यात टिकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मग मनगटांवर गार पाणी. आणि ज्याचा राग आलाय त्याला सुनावायचं ते उद्यावर ढकलायचं. उद्या त्यातलं निम्मं बोलावंसं वाटत नाही. उरलेलं निम्मं मात्र बोलायचंच, असंही ते सांगायचे.

लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा कंपनीत, शिफ्टची नोकरी. पुढे वडील गेले, कारखाना दादाने सांभाळला. तरी हंगाम आला की मी एसटीने पेणला जायचे, माहेरी राहायचे आणि डोळे काढायचे. गिऱ्हाइकं दादाला बजावून जात, “डोळे ताईंकडूनच हवेत.” मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही. वर्षभर डबे भरणाऱ्या बाईला तेवढी एकच जागा स्वतःची होती.

दादाचा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो कारखान्यात बसू लागला. नेमकी तेव्हापासूनच दादाची नि माझी रोज सकाळी भांडणं व्हायला लागली. चहाच्या वेळी तो काहीतरी उकरून काढायचा. कधी नवऱ्याची नोकरी, कधी माझ्या मुली, तर कधी आईच्या शेवटच्या आजारपणात मी उशिरा पोचले ते. माझा पारा चढायचा, तोंडाचा पट्टा सुटायचा. तो सुटला, की दादाचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

“तुज्या हातात राग हाय गो. आज डोळ्यांना बसू नको. बाबांचा नियम हाय.”

नियम खराच होता. मी उठून मातीकडे जायचे. शांत होऊन परत येईपर्यंत भाच्याने ओळीच्या ओळी संपवलेल्या असायच्या. मी स्वतःलाच बोल लावायचे. एवढं वय झालं, अजून जिभेला लगाम नाही!

पुढच्या हंगामात मी ठरवूनच आले. चहाआधी रामवाडीपर्यंत चालत जाऊन यायचं. दादा बोलला तरी कप रिकामा होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. जमायला लागलं, पण रोज नाही.

एका सकाळी मी फिरून लवकर परतले. सगळी मंडळी स्वयंपाकघरात होती, म्हणून मी सरळ पडवीत गेले. त्या दिवशी माझ्या वाट्याच्या ज्या मूर्ती होत्या, त्या साऱ्या भाच्याच्या बैठकीकडे तोंड करून मांडलेल्या. वाटीत काळा रंग ताजा कालवलेला. शेजारी बारीक ब्रश भिजत घातलेला. कालवलेला रंग वाट बघत थांबत नाही, तो लगेच लावायचा असतो. आणि अजून चहा झाला नव्हता. भांडणही झालं नव्हतं.

म्हणजे मी चिडणार, हे आधीच ठरलेलं होतं.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. परका माणूस चिडवायला आला तर तो चाचपडत बोलतो. माझं दुखरं कुठे आहे हे दादाला पाठ होतं, कारण ती दुखणी मीच त्याला विश्वासाने सांगितली होती. आणि वर बाबांचा नियम पुढे केला!

चहाला बसलो. दादाने आईचंच काढलं. मी चहा संपवला, कप विसळला आणि पडवीत जाऊन मूर्तींसमोर बसले. तो मागोमाग आला.

“तुज्या हातात...”

“बघ,” म्हणून मी हात पुढे केला. हात जराही थरथरत नव्हता. राग आलाच नव्हता, नुसतं रडू येत होतं. दारात भाचा खाली मान घालून उभा होता. दादा माझ्या हाताकडे बघत राहिला. आता नियम त्याच्या कामाचा नव्हता, मनातलं तोंडाने बोलणं भाग होतं.

“पुडल्या वर्षापासून नको येऊस गो. आखणी मी पोराला दिली.”

“मग हे पहिल्याच वर्षी का नाय सांगितलंस?”

“तू चिडली असतीस,” दादा म्हणाला.