नागपुराहून आलेला ताप

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात गोजरबाईची सून सुलभा नागपुराहून मलकापूरला पॅसेंजरनं उतरली, तेव्हा तिला फलाटावर धड उभंही राहता येईना. अंगात ताप, आणि घोटे, मनगटं, गुडघे असे धरलेले की म्हाताऱ्या बाईसारखी वाकून चालायची. उद्धवला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गिरणीत सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं शेजाऱ्याच्या सोबतीनं तिला गावी पाठवलं होतं. गोजरबाईनं सुनेला बैलगाडीत घातलं आणि स्टेशनापासून चार कोसांवरच्या आपल्या गावी आणलं.

आठवडा झाला नसेल, शेजारची आशाबाई तापानं पडली. मग तिचा दीर. मग अख्खी गल्ली कण्हायला लागली.

विहिरीवर बायकांनी सुलभेचा दोर बाजूला टाकला. भगवानराव पाटील स्वतः तिथं आले.

"गोजरबाई, राग धरू नका. नागपूरवालीनं पीडा आणली. गाव निवळेपर्यंत तिले मळ्यातल्या झोपडीत ठेवा."

"ताप आगगाडीत बसून आला, पाटील," गोजरबाई म्हणाली. "मंग रूळ उखडा ना! माह्या सुनेले काऊन उखडता?"

तिनं दोर उचलला, पोहरा सोडला आणि सगळ्यांसमोर सुलभेची घागर भरली.

दुसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन मलकापूरच्या डॉक्टर चिंतामणरावांकडे गेली. त्यांनी सुलभेचे सांधे पाहिले आणि सांगितलं, की हा ताप मुळात आफ्रिकेकडचा. दोन वर्षांमागं कलकत्त्यात निघाला, मग मद्रासेत, आता नागपुरात. दिवसा चावणारा डास आजाऱ्याचं रक्त पितो आणि दुसऱ्याला चावतो. आणि तो डास गटारीत नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

परतताना गाडीत सुलभा रडायला लागली. "म्हंजे मीच आणला ना, आत्याबाई? लोकं खरंच बोलतात."

गोजरबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. मग ती म्हणाली, "तुह्या अंगातून आला असंन. पण त्याले पोसलं कोणं? आमच्या रांजणानं. तू मान खाली घालू नको."

घरी आल्या आल्या तिनं रांजणात वाकून पाहिलं. पाण्यात बारीक किडे वळवळत होते. विहीर तळाला गेलेली, घोटभर पाण्यासाठी भांडणं होत होती. अशा दिवसांत तिनं रांजण आडवा करून सगळं पाणी अंगणात ओतलं.

"डोकं फिरलं हिचं!" आशाबाईचा दीर ओट्यावरून ओरडला.

"हाव, फिरलं. तूही पाहा तुह्या रांजणात, अन् मंग बोल."

रांजण घासून तिनं उन्हात वाळवला, पुन्हा भरला तेव्हा तोंडाला जुनं धोतर करकचून बांधलं. तरीही तिसऱ्या दिवशी तिलाच ताप भरला. गाव म्हणालं, घ्या, पाणी फेकल्याचं फळ! ती भिंत धरून, बसत-उठत गल्लीत फिरली आणि दारोदारी तेच सांगत राहिली. आशाबाईनं सगळ्यांत आधी रांजणावर कापड बांधलं. पुढं निम्म्या गावानं बांधलं, निम्म्यानं नाही.

पेरणीच्या सुमारास ताप ओसरला, पण गोजरबाईची बोटं वळेनात. मुठीतून सरकीचं बी नीट सुटेना. सुलभा, जिनं जन्मात पेरणीचा तास धरला नव्हता, ओटीत बी घेऊन सासूच्या पुढं चालली. उद्धवनं परत बोलावलं तेव्हा तिनं निरोप धाडला, "कापूस घरात आल्यावर येईन."

संक्रांतीला भगवानरावांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. दोघींनी या, झालं गेलं विसरून जा, असा निरोप.

"हाव, इसरू ना," गोजरबाई निरोप घेऊन आलेल्या बाईला म्हणाली. "पाटलानं विहिरीवर यावं, जे चारचौघांत बोलले ते चारचौघांत मागं घ्यावं. मंग येऊ."

पाटील काही आले नाहीत. त्या घराची पायरी गोजरबाई मरेपर्यंत चढली नाही.