माणूस जाईल एवढं सवणं

स्लॅब तोंडावर आला होता आणि मधल्या खोलीच्या छताला भोक किती ठेवायचं, ते काही केल्या ठरत नव्हतं. मिस्त्रीचा रोज सकाळी फोन. "ताई, सेंट्रिंग ठोकून झालं, उजेडाचं माप सांगा. एकदा काँक्रीट पडलं की मला बोल लावायचा न्हाई." मी म्हणायची, संध्याकाळी सांगते. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झालेला असायचा.

लातुरातला आमचा प्लॉट बोळातला, दोन्ही अंगांनी लोकांच्या भिंती. मधल्या खोलीला खिडकी निघतच नव्हती, आणि तीच खोली आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं गावाकडचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर भूकंपात बसलं. सासरे गेले, सहा वर्षांची नणंद गेली. आमचे हे तान्हे होते, ते वाचले. एवढंच मला माहीत, आणि ह्यांनाही एवढंच. त्यापुढं घरात कुणी विषयच काढत नसे.

तेव्हापासून त्या पत्र्याखाली झोपल्या, मांडवाखाली झोपल्या, पण पक्क्या छताखाली त्यांनी पाठ टेकली नाही. भाड्याच्या घरातसुद्धा बाहेर ओसरीत, डास असोत की थंडी. गेल्या हिवाळ्यात छाती भरली. डॉक्टर माझ्यावरच डाफरले, "यांना पुन्हा बाहेर झोपू दिलंत तर हातच्या जातील." जसं काही मीच त्यांना बाहेर काढलं होतं! लई विनवण्या केल्या तेव्हा कुठं कबूल झाल्या. "माज्या खोलीला सवणं ठेवा, मंग झोपते आत." सवणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी नि धुरासाठी ठेवतात ते भोक.

झालं, मी कामाला लागले. एका दुकानात गेलं की तो म्हणे काचेच्या विटा बसवा, जन्माची काळजी मिटली. दुसरा म्हणे पॉलीकार्बोनेटचा पत्रा टाका, गारा पडल्या तरी फुटत नाही. तिसऱ्यानं तर घाबरवूनच सोडलं. "मॅडम, लातूरचं ऊन सरळ आत घेता? मे महिन्यात खोलीत पापड वाळतील." त्यात वानरं. वानराच्या वजनाला टिकेल अशी काच कोणती, हे विचारत मी बाजारभर फिरले. ह्यांना विचारावं तर मान वर न करता उत्तर, "मी बघून राहिलो ना." कशाचं बघून राहिले? मोबाईल!

दरवेळी घरी येऊन आत्याबाईंना नमुना दाखवायचा आणि दरवेळी त्यांचा एकच प्रश्न. "ह्याच्यातून माणूस जाईल का गं?"

"छे हो! मांजर जायचं नाही," मी छातीठोक सांगायची. मला वाटायचं म्हातारीला चोराचं भ्या. म्हणून मी विटेवर जाळी घातली, जाळीखाली गज घातले, सगळं कागदावरच, आणि मी जसजसे गज वाढवत गेले तसतसा आत्याबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. जेवताना घास हातात धरून बसायच्या. मलाही रात्री झोप लागेना.

शेवटी रविवारी त्यांना एस.टी.त घातलं आणि नांदेडला माझ्या भावाकडं नेलं. त्याच्या हॉलला काचेचा घुमट आहे, दुधी उजेड पडतो, बघून बाई गार होतील असं वाटलं. त्यांनी वर बघितलं. "उघडतं का?"

भाऊ ऐटीत म्हणाला, "न्हाई आत्या, पक्कं पॅक! चिमणी यायची न्हाई."

त्या दुपारी आत्याबाई चटई घेऊन अंगणात जाऊन बसल्या. उन्हात! माझ्या वहिनीपुढं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीला अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. आम्ही खाली उतरून चहा घेत होतो, तेवढ्यात मिस्त्रीचा फोन. उद्या मिक्सर येतोय, आत्ताच्या आत्ता माप सांगा. फोन धरूनच मी आत्याबाईंकडं वळले आणि माझा तोल गेला. "माणूस जाईल का, माणूस जाईल का! चोर घालायचाय का घरात?"

त्यांनी कप बाकावर ठेवला. माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"छत बसलं आमच्यावर. सवणं तेवढं मोकळं ऱ्हायलं. वरून लोकायचे हात आले. तान्हं दिलं, ते गेलं वर. मंग पोरीला उचललं. डोकं गेलं, खांदं न्हाई गेलं. आई टोचतंय म्हनली. मी खाली घेतली. वरची माती काढूस्तवर..."

फोनमध्ये मिस्त्री हॅलो, हॅलो करत होता. एवढे दिवस मी या बाईच्या डोक्यावर गज ठोकत होते. मी कसंबसं म्हणाले, "मिस्त्री, माणूस जाईल एवढं ठेवा. वर काचेचं झाकण, बिजागरीचं. कडी आतूनही उघडली पाहिजे आणि बाहेरूनही."

"ताई, चोर उतरंल की!"

"उतरू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर मिक्सर घरघरत होता, मजूर घमेली घेऊन तयार. आत्याबाई माझ्या लेकीचा हात धरून सरळ सेंट्रिंगला टेकू दिलेल्या बल्ल्यांमधून मधल्या खोलीत शिरल्या. लेक आता सहा वर्षांची. मिस्त्रीनं भोकासाठी बिनबुडाची लाकडी पेटी ठोकली होती, तिच्यातून आभाळ दिसत होतं. आत्याबाईंनी लेकीला मजुरांच्या लाकडी घोडीवर उभं केलं, आपणही वर चढल्या आणि आमच्या ह्यांना हाक मारली, "वर जा. हिला ओढून घे."

हे काही न विचारता वर गेले. आदल्या दिवशीच मी त्यांना सगळं सांगितलं होतं. सेंट्रिंगच्या प्लायवर पालथे पडून त्यांनी दोन्ही हात खाली सोडले. लेक खिदळत होती, तिला वाटलं खेळ आहे. डोकं गेलं. खांदे गेले. आत्याबाईंचे हात तिच्या तळव्यांखाली होते, ते पावलं दिसेनाशी होईपर्यंत तसेच वर राहिले.

मग त्या घोडीवरून उतरल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"टाका आता स्लॅब," म्हणाल्या.