कडेवरचं लेकरू

बाई गेल्याचं मला तळ्यात कळलं. कमरेइतक्या पाण्यात मी शिंगाडे तोडत होते. माझा मुलगा काठावर येऊन उभा राहिला आणि नुसता हात हलवत राहिला. मी पुढचा वेल उचलला, शिंगाडे तोडले, टोपलीत टाकले... आणखी एक वेल उचलला. हात थांबला की तो बोलेल, हे मला कळत होतं. आठवडाभर ताप होता म्हणून बाईला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. परत येईल आणि पडवीत बसून मलाच रागावेल, असं धरून मी रोज तिच्या दारापुढचं अंगण झाडत होते.

बाई म्हणजे अनुसयाबाई, माझी मोठी जाऊ. अंगण एक, चुली दोन. तिची दोन्ही मुलं घुग्घुसला कामाला, त्यामुळे घरात ती एकटीच. बाजारात मासळी घेऊन बसलो की भाव तीच सांगायची. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं की मी तिच्याकडे बघायची. "हिचं तोंड माह्यापाशी गहाण हाय," असं ती लोकांना सांगायची आणि लोक हसायचे. मीही हसायची. मला ते बरंच होतं.

धान कापून झालं की आमच्या गावातली निम्मी घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात. गाडी शाळेसमोरूनच जाते. आईबाप कामाला, आणि लहान लेकराला सांभाळायला मोठी पोरगी. ती परत येते तेव्हा होळी होऊन गेलेली असते. वर्गात काय चाललं आहे ते तिला समजत नाही, आणि पुढच्या वर्षी ती वर्गात नसते. माझी शाळा चौथीत सुटली तेव्हाही कुणी "सोड" म्हटलं नव्हतं. भाऊ रांगायला लागला, एवढंच झालं होतं.

शेजारच्या रंजनाची पायल सहावीत होती तेव्हा बाईनं हट्ट धरला, ही पोरगी इथंच राहील. रंजनाशी भांडून तिनं पायलला ठेवून घेतलं. थोड्याच दिवसांत तिकडून फोन आला. बांधावर बसवलेल्या रंजनाच्या लहान लेकरानं मिरचीचा हात डोळ्यांना लावला होता. डोळे सुजले, रंजनाला काम सुचेना. मागून जाणाऱ्या गाडीनं पायल गेली. जाताना तिनं दप्तर आमच्या पडवीत ठेवलं आणि म्हणाली, "काकू, उंदरायपासून जपजा."

बाई त्या दिवशी जेवली नाही. पाणी नसलेला माठ उचलायची, परत ठेवायची. मग माझ्या चुलीपाशी येऊन म्हणाली, "आपण पोरगी ठेवली वं, अन् लेकरू तसंच जाऊ देलं. चुकलं आपलं."

पुढच्या वर्षी ती रंजनाच्या दारात गेली, मी मागे उभी.

"काऊन बाई, भांडाले आल्या का? पोरगी पायजे असन," रंजना म्हणाली.

"पोरगी घेऊन काय करू? दोन ताटं भात खाते. मले लेकरू दे."

गाडीच्या दिवशी रंजनानं लेकरू तिच्या कडेवर दिलं. लेकरू बाईकडे राहिल्यावर पायलला तिकडे कामच उरलं नाही. ती राहिली, शाळेत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी बाईनं आणखी दोन घरांतून लेकरं मागून आणली. पोरी कधी मागितल्या नाहीत. शाळेच्या वेळेला तिच्या खोलीत असा गलका असायचा की रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, बाई, कोणाले मारून राह्यल्या? बाई आतून म्हणायची, "रडू द्या. आपल्या मायले हाक मारून राह्यलं, आपण कोन गप करणारे?" भात शिजवणं, लंगोट धुणं माझ्याकडे. कुणाच्या दारात जाऊन मागणं मात्र तिचंच.

यंदा पायल दहावीत आहे. तिच्या त्या भावाला आता सांभाळावं लागत नाही, तो शाळेत जातो. पण रंजनाला मागच्या वर्षी आणखी एक मुलगा झाला. "हा बी माह्याच," असं बाईनं त्याच्या बारशालाच सांगितलं होतं... बाईच्या तेरवीनंतर लेकराचा विषय रंजनानं काढला नाही. मीही नाही. गाडी येणार असं कळलं तेव्हापासून माझं कशातच मन लागेना. भात करपला. शिंगाडे सोलताना बोट कापलं. रंजनाच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेवटी गेले आणि मीठ मागून आले. घरात मीठ होतं. परत गेले आणि विळा मागितला.

"मीठ झालं, विळा झाला," रंजना म्हणाली. "आता चूल बी नेतं का?"

मी खाली बघून म्हटलं, "लेकरू दे."

तिनं हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुह्यापाशी राहीन तो?"

"मालूम नाई."

ती आत गेली. आता नाही म्हणेल, असं वाटून मी निघालेच होते. ती आपलं नेसून काढलेलं जुनं लुगडं घेऊन आली. "धुतलं नाई. धुवू नोको, मायचा वास राहू दे, असं बाई दरसाल सांगत. चार दिवसांपासून बाजूले काढून ठेवलं मी. तू येतं का नाई, मले काय ठाव."

गाडी काल गेली. आज सकाळी मी बाईची खोली उघडली, झाडली, लुगडं अंथरलं. लेकरू त्यावर क्षणभर निजलं आणि मग जे रडायला लागलं ते थांबेना. पायल दप्तर घेऊन दारात आली. दप्तर खाली ठेवून तिनं हात पुढे केले. त्यानंही तिच्याकडे झेप घेतली.

"काकू, जरासाक घेतो."

"शाळेतून आल्यावर घे," मी म्हटलं. "पायल, तू जा."

ती उभीच राहिली. मी परत म्हटलं, मोठ्यानं. तिनं दप्तर उचललं. फाटकापाशी थांबून एकदा वळली, मग गेली. तिची पाठ दिसली तसा तो आणखी रडू लागला. मी दार ओढून घेतलं आणि त्याला घेऊन खाली बसले. पुन्हा उठले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागले. इतकी वर्षं मी बाईला म्हणत होते, बाई, घडीभर टेका. ती का टेकत नव्हती ते आज कळलं. बसलं की ते जास्त रडतं.