दादाने मला बंदूक दिली तेव्हा

माझा थोरला भाऊ मुंबईला असतो. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बाबा गेल्यावर पालीजवळच्या काजूच्या बागेवरून आमचं वाजलं, ते वाजलंच. बाग दोघांच्या नावावर, एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याला काही करता येत नाही. आमच्याकडे मुंबईकर भाऊ अचानक गोड बोलायला लागला की शेजारीपाजारीसुद्धा ओळखतात, सही हवी असणार. त्यामुळे त्याचा मेसेज आला, 'आपला जुना गेम नव्याने आलाय, घे, रविवारी खेळू,' तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. तरी 'हो' म्हणालो, आणि तेही लगेच. खोटं कशाला बोलू, आठवण यायची त्याची.

गेम बंदुकांचा. कॉलेजात असताना रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत आठ कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले असायचे. चार विरुद्ध चार. दादा माझ्याच टीममध्ये, पण एक नंबरचा आपमतलबी! मी अर्धमेला केलेला गडी हा शेवटची गोळी घालून आपल्या नावावर लावायचा. बंदूक मागितली तर म्हणायचा, "मेल्या, स्वतःची मिळव." मग मी उठून त्याची मानगूट धरायचो आणि मालक दोघांनाही बाहेर काढायचा. काय दिवस होते ते!

नव्या गेमच्या जाहिरातीत लिहिलेलं, जुना गेम जसाच्या तसा. जसाच्या तसा? डोंबल! जुन्या गोदामाच्या भिंती नुसत्या करड्या होत्या, पण पलीकडे कोणी आहे असं वाटलं की भिंतीतूनच गोळी झाडायची, आणि ती लागायची. आता त्याच भिंतींवर गंज, शेवाळ, ऊन सगळं खऱ्यासारखं, आणि गोळी काही आरपार जात नाही. जिनाही पुढे सरकवलाय. मी दोनदा चालून बघितलं, पूर्वीपेक्षा लवकर पोचतो. पूर्वी पावलं डावीकडून वाजली की माणूस डावीकडेच सापडायचा. आता आवाज इतका भारी की कुठून येतो तेच कळत नाही. माझा काडीचा विश्वास बसला नाही त्या गेमवर.

दादावर तर त्याहून नाही. पहिल्याच रविवारी, जेवणं आटोपून बसलो, तर त्याने आपली चांगली बंदूक माझ्या पुढ्यात टाकली. हेडफोनमधून म्हणतो, "घे तू. मी पिस्तुलावर भागवतो." बंदूक मी उचलली, पण मनात म्हटलं, बागेला गिऱ्हाईक आलेलं दिसतंय. जुना दादा मेला असता, पण बंदूक सोडली नसती. पुढच्या रविवारी तर पठ्ठ्या माझ्यासाठी आडवा आला आणि स्वतः गोळ्या खाल्ल्या. वर हसतोय!

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "अहो, भाऊजी अजून काही बोलले नाहीत?"

"नाही."

"बोलतील. सही करायच्या आधी नीट वाचा म्हणजे झालं."

मी सातबारा काढून कपाटात तयारच ठेवला. खेळताना माझं अर्धं लक्ष त्याच्या बोलण्याकडे. "यंदा काजू कसे?" असं त्याने विचारलं की "ठीक" म्हणून मी विषय तोडायचो. एकदा म्हणाला, "पालीला गेलेलास काय रे?" आला बघा मुद्द्यावर, असं वाटून मला धडकीच भरली. पण पुढे काही बोलला नाही. त्या दुपारी मी ओळीने तीनदा मेलो.

शेवटी माझाच धीर सुटला. गेल्या रविवारी त्याने परत बंदूक टाकली. मी ती उचलली नाही.

"दादा, पुरे झालं हे नाटक. सही हवी ना तुला? मग सांग की सरळ."

तेवढ्यात समोरच्या टीममधला एक आला आणि दोघांनाही मारून गेला. आमच्यातलं कोणी जागचं हललं नव्हतं.

"मला?" तो म्हणाला. "अरे, मला वाटलं तुला हवीय. सहा वर्षं माझा फोन उचलला नाहीस, आणि खेळू म्हटल्यावर पाच मिनिटांत हो? बाग तुझ्या एकट्याच्या नावावर करायचा कागद मी कधीचा करून ठेवलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"सही दिली असती की तू रविवारचा यायचा बंद झाला असतास."